फटफटीचा ‘सी.सी.’ आणि शर्यतीतला न्याय

गावच्या यात्रेतला कुस्त्यांचा फड आपण सर्वांनी पाहिलेला आहे. पैलवान रिंगणाभोवती फिरत असतात आणि पंचमंडळी दोघादोघांना समोरासमोर उभे करून जोड लावतात. उंची पाहतात, अंग पाहतात, आजवर कोण कोणाशी लढला आहे ते विचारतात. जोड बेताची लागली की फड रंगतो. विजोड लागली की लोक धोतर झटकून उठतात आणि घरी जाईपर्यंत पंचांच्या नावाने बोटे मोडतात. डोळ्यांसमोर उभ्या असलेल्या माणसांची जोड लावणे इतके अवघड, तर यंत्रांची जोड कशी लावावी? आज आपल्याला हाच प्रश्न पाहावयाचा आहे. विषय आहे मोटरसायकलींच्या, म्हणजे आपल्या फटफटीच्या शर्यतींचा.

या शर्यती दोन तऱ्हेच्या असतात. एका तऱ्हेत केवळ शर्यतीसाठी बांधलेली यंत्रे धावतात. ती बाजारात कधी येत नाहीत. दुसऱ्या तऱ्हेत धावतात त्या दुकानात विकत मिळणाऱ्या गाड्या. कारखान्याने ती गाडी ठरावीक संख्येने तयार करून लोकांसाठी विक्रीला काढलेली असली पाहिजे, अशी तेथे अट असते. तिच्यात थोडे फेरफार चालतात, पण मूळ गाडी तीच. आपण बोलणार आहोत ते या दुसऱ्या तऱ्हेबद्दल. येथेच खरी गंमत आहे, आणि भांडणेही येथेच फार. कारण एका कारखान्याची गाडी दोन सिलिंडरची, दुसऱ्याची चार सिलिंडरची, तिसऱ्याची तीन. या सगळ्यांना एका रेषेवर उभे करावयाचे कसे?

तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड आहे? प्रत्येक गाडीला आकडा असतोच की! शंभर सी.सी., दीडशे सी.सी., साडेतीनशे सी.सी. सारख्या आकड्याच्या गाड्या एकत्र सोडा, झाला न्याय. हे उत्तर बरोबर वाटते खरे, पण ते बरोबर नाही.

आधी सी.सी. म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. इंजिनात एक नळकांडे असते, त्याला आपण सिलिंडर म्हणतो. त्यात एक दट्ट्या खालीवर होत असतो. दट्ट्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत गेला म्हणजे जेवढी जागा मोकळी होते, तेवढे घनसेंटिमीटर म्हणजे सी.सी. सिलिंडर दोन असतील तर दोन्हींची बेरीज, चार असतील तर चारींची. थोडक्यात, हे एक माप आहे. शेराचे माप असावे तसे. इंजिन एका दमात किती हवा आत घेते, एवढेच ते सांगते.

विहिरीवर मोट चालताना पाहिलेली मंडळी आता थोडी उरली असतील, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून पाहा. मोठी मोट एकदा वर आली की पाटात भरपूर पाणी पडे. पण बैलांना धावेवरून पुन्हा मागे यावयाला वेळ लागे. रहाटाची गाडगी लहान, पण ती एकामागून एक भराभर रिती होत. आता सांगा, दिवसभरात पाणी कोणी जास्त काढले, हे नुसत्या मोटेच्या मापावरून ठरेल का? माप हवे आणि खेपाही मोजल्या पाहिजेत. इंजिनाचे तसेच आहे. सी.सी. म्हणजे मोटेचे माप, आणि मिनिटाला इंजिन किती फेरे फिरते ती खेपांची संख्या. पेट्रोल हवे तेवढे सोडता येते. अडते ते हवेपाशी. मिनिटाला जो जास्त हवा ओढील, तो जास्त पेट्रोल जाळील आणि त्याचीच ताकद अधिक.

मग सगळेच आपापली इंजिने भरधाव का फिरवीत नाहीत? कारण दट्ट्याला प्रत्येक टोकाला थांबावे लागते आणि पुन्हा उलट पळावे लागते. या धावपळीने धातूवर फार ताण येतो. शर्यतीच्या चांगल्या इंजिनातही दट्ट्याचा सरासरी वेग सेकंदाला २५ मीटरच्या आसपास ठेवावा लागतो. आता दोन प्रसिद्ध गाड्या घेऊ. इटलीच्या डुकाटी कारखान्याची ‘९१६’ ही दोन सिलिंडरची गाडी. तिच्या दट्ट्याची चाल ६६ मिलिमीटर. जपानच्या होंडाची ‘आर.सी. ४५’ ही चार सिलिंडरची, ७५० सी.सी. वर्गातली गाडी. तिच्या दट्ट्याची चाल अवघी ४६ मिलिमीटर. एका फेऱ्यात दट्ट्या एकदा जातो आणि एकदा येतो, हे ध्यानात घेऊन हिशेब करा. सेकंदाला २५ मीटरच्या वेगाने पहिल्या इंजिनाला मिनिटाला सुमारे ११,४०० फेरे मिळतात, आणि दुसऱ्याला सुमारे १६,३००. प्रत्यक्षात इतरही अडचणी असतात आणि हे आकडे तंतोतंत उतरत नाहीत. पण लहान दट्ट्याला पळणे सोपे, हे त्यावरून दिसते.

शिक्षकमंडळींना ही गोष्ट वर्गात दाखविता येईल. एक वीतभर बाजूचे आठ चौकोनी ठोकळे घ्या. ते रचून दोन वीत बाजूचा एकच मोठा ठोकळा करा. घनफळ तेच. पण मोठ्या ठोकळ्याचे वरचे तोंड चार चौरस वीत भरते, आणि आठ सुट्या ठोकळ्यांची तोंडे मिळून आठ चौरस वीत भरतात. दट्ट्याचे तोंड म्हणजे जळत्या हवेने दाब देण्याची जागा. तेव्हा घनफळ न वाढवता, नुसते तुकडे करून आपण दाबाची जागा दुप्पट केली! याच हिशेबाने, दोन सिलिंडरऐवजी त्याच सी.सी.चे चार केले तर जागा सुमारे सव्वापट होते. हा फरक भरून काढावयाचा तर दोन सिलिंडरवाल्याला सी.सी. किती जास्त द्यावे? गणित मांडले तर उत्तर येते दोनाचे वर्गमूळ, म्हणजे १.४१ पट. चारवाल्याला ७५०, तर दोनवाल्याला सुमारे १०६०.

आता हा आकडा ध्यानात ठेवा आणि माझ्याबरोबर जरा जुन्या काळात चला. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रात आइल ऑफ मॅन नावाचे बेट आहे. तेथे १९०७ साली ‘टूरिस्ट ट्रॉफी’ ही शर्यत सुरू झाली. ती मुळी रस्त्यावर वापरावयाच्या गाड्यांसाठीच होती. तेव्हाच्या पंचांनी सी.सी. मोजलेच नाही, त्यांनी पेट्रोल मोजले. एका सिलिंडरच्या गाडीने एका गॅलनमध्ये ९० मैल गेले पाहिजे, दोन सिलिंडरच्या गाडीने ७५ मैल. आजच्या मापाने लिटरला सुमारे ३२ आणि साडेसव्वीस किलोमीटर. गाडी घेताना आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, “ॲव्हरेज किती देते?” त्या पंचांनाही हाच प्रश्न पडला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

दोन वर्षांनी, १९०९ मध्ये, पेट्रोलची अट गेली आणि सी.सी. आले. एका सिलिंडरला ५००, दोन किंवा अधिक सिलिंडरना ७५०. म्हणजे आपल्या ठोकळ्यांच्या हिशेबाच्या अगदी उलट! जास्त सिलिंडरवाल्यालाच जास्त माप. पण त्या काळचे यंत्र डोळ्यांसमोर आणा. ठिणगी कधी पडे, कधी न पडे, धातू हलका, फेरे थोडे. दुसरा सिलिंडर म्हणजे दुसरी डोकेदुखी. तेव्हा सूट त्यालाच हवी, असे वाटले. पुढे कारागिरी सुधारली आणि दोन सिलिंडरच्या गाड्या जिंकू लागल्या. मग १९१० मध्ये ७५० चे ६७० झाले. १९११ मध्ये मोठ्या शर्यतीसाठी ५८५ झाले, तरीही त्या वर्षी पहिले तिन्ही क्रमांक ‘इंडियन’ नावाच्या दोन सिलिंडरच्या गाड्यांनी नेले. (नाव इंडियन, पण गाडी अमेरिकेची, आपला त्यात काही वाटा नव्हता.) १९१२ मध्ये सूट पूर्ण गेली आणि सगळ्यांना ५०० हाच नियम झाला.

तीन वर्षांत तीनदा नियम बदलला. तेव्हाही लोक कुरकुरले असतीलच. पण पाहण्यासारखे हे की निसर्गाचा नियम त्या तीन वर्षांत बदलला नव्हता. बदलले होते ते कारागिराचे हात. आज दिलेली सूट उद्या अन्याय ठरते ती अशी.

सगळ्यांना सारखे सी.सी. दिल्यावर पुढे काय होते, तेही जगाने पाहिले. खास शर्यतीसाठी बांधलेल्या यंत्रांच्या वर्गात होंडाने २५० सी.सी.चे सहा तुकडे केले. एकेक सिलिंडर अवघा ४१ सी.सी.चा, चहाच्या कपाहूनही लहान. त्या गाडीवर माइक हेलवूड या इंग्रज स्वाराने १९६६ आणि १९६७ ची जगज्जेतेपदे जिंकली. यंत्र म्हणून ते अप्रतिमच. पण बाजारात येऊन रोज शाळेला जाणाऱ्या मास्तरांना असली गाडी कोण विकणार, आणि ती दुरुस्त कोण करणार? दुकानातल्या गाड्यांची शर्यत ठेवावयाची तर नियमाने कारखान्याला अशा वाटेला लावता कामा नये.

म्हणून १९८८ साली जेव्हा दुकानी गाड्यांची जागतिक स्पर्धा, ‘वर्ल्ड सुपरबाइक’, सुरू झाली, तेव्हा पंचांनी विचारपूर्वक सूट ठेवली. चार सिलिंडरला ७५०, दोन सिलिंडरला १०००. आपल्या गणिताने १०६० यावयास हवेत, तेव्हा दोनवाल्याला थोडे कमीच दिले. किमान वजनात मात्र सुरुवातीला त्याला सवलत होती. ती पुढे कमी करीत काढून टाकण्यात आली.

आणि झाले काय? पहिली दोन वर्षे होंडाच्या चार सिलिंडरच्या गाडीवर अमेरिकेचा फ्रेड मर्केल जिंकला. त्यानंतर १९९० ते २००२ या तेरा हंगामांत अकरा वेळा दोन सिलिंडरची गाडी जिंकली. चार सिलिंडरच्या गाडीला विजेतेपद मिळाले ते फक्त १९९३ आणि १९९७ मध्ये. इंग्लंडच्या कार्ल फोगार्टीने एकट्याने डुकाटीवर चार विजेतेपदे मिळविली. जपानी कारखाने म्हणू लागले, नियमच वाकडा आहे.

नियम वाकडा होता का? मला वाटते आकडा वाकडा नव्हता; दोघांना दिलेली मोकळी जागा सारखी नव्हती. हे जरा सांगितले पाहिजे. चार सिलिंडरवाले पहिल्याच दिवशी ७५० च्या भिंतीला पाठ लावून उभे होते. डुकाटीची पहिली गाडी होती ८५१ सी.सी.ची. तिला १००० पर्यंत जावयाला मैदान मोकळे होते. ती ८८८ झाली, ९१६ झाली, पुढे ९९६ झाली. दरवर्षी एक एक पायरी वर. शिवाय दोन सिलिंडरची गाडी अंगाने अरुंद, आणि कमी फेऱ्यांतही जोर धरणारी. वळणातून बाहेर पडताना ती मागच्या चाकाला जमिनीवर नीट टेकवून काढी. ठोकळ्यांच्या हिशेबात वळण नसते, टायर नसतो, स्वाराचे मनगटही नसते.

होंडाने शेवटी वाद सोडला आणि सरळ दोन सिलिंडरची, १००० सी.सी. वर्गातली नवी गाडी बांधली. २००० साली अमेरिकेचा कॉलिन एडवर्ड्स तीवर जिंकला, २००२ साली पुन्हा जिंकला. चार सिलिंडरच्या गाड्यांसाठी जगभर नाव मिळविलेल्या कारखान्याला नियमापायी दोन सिलिंडरकडे वळावे लागले. नियम कोणत्या बाजूला झुकला आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता मागावा? फडातला पैलवान आपले ठेवणीतले डाव सोडून प्रतिपक्षाचे डाव शिकू लागला, तर पंचांनी आपल्या नियमाकडे पुन्हा पाहावयास हवे.

पंचांनी पाहिलेही. २००३ पासून चार सिलिंडरनाही १००० सी.सी.ची मुभा मिळाली. लगेच पारडे फिरू लागले. २००५ साली ट्रॉय कॉर्सर सुझुकीच्या हजारी गाडीवर जिंकला. मग डुकाटीच्या बाजूने मागणी आली, आणि २००८ पासून दोन सिलिंडरना १२०० सी.सी. मिळाले. पण या वेळी पंच शहाणे झाले होते. त्यांनी मोटेचे माप वाढविले आणि विहिरीचे तोंड लहान केले. म्हणजे असे की हवा आत जाण्याच्या वाटेवर ५० मिलिमीटरची मुंगळी बसविली आणि किमान वजनही चारवाल्यांपेक्षा जास्त ठेवले. पुढे शर्यतींचे निकाल पाहून ते वजन आणि ते भोक कमी-जास्त करण्याची तरतूदही केली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाचा ट्रॉय बेलिस आणि २०११ साली स्पेनचा कार्लोस चेका डुकाटीवर जिंकले. मधल्या दोन वर्षांत चार सिलिंडरच्या यामाहा आणि एप्रिलिया जिंकल्या. जोड बरी लागली होती, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे २०१९ मध्ये डुकाटीनेच या स्पर्धेत चार सिलिंडरची गाडी आणली. तिने हंगामाच्या पहिल्या अकराच्या अकरा शर्यती जिंकल्या, आणि मिनिटाचे २५० फेरे तिच्याकडून काढून घेण्यात आले.

येथे मात्र एक बोचणारा प्रश्न उभा राहतो. आधी नियम लिहून ठेवणे वेगळे, आणि निकाल पाहून नियम हलविणे वेगळे. समजा, वर्गात एका मुलीला गणितात पैकीच्या पैकी गुण पडले. म्हणून पुढच्या परीक्षेत तिला दहा मिनिटे कमी द्यावीत काय? कोणताही शिक्षक असे करणार नाही. उलट, एकच पुस्तक वापरणारी सगळी मुले पुढे आणि बाकीची सगळी मागे, असे दिसले तर मात्र शिक्षक पुस्तक उघडून पाहील.

हे उदाहरण मी मनाचे घेतलेले नाही. २०१७ मध्ये तरुण स्वारांसाठी ‘सुपरस्पोर्ट ३००’ नावाचा वर्ग सुरू झाला. नावात ३००, पण गाड्या मात्र नाना तऱ्हेच्या: यामाहा दोन सिलिंडर ३२१ सी.सी., कावासाकी दोन सिलिंडर ३९९, होंडा दोन सिलिंडर ४७१, आणि के.टी.एम. एक सिलिंडर ३७३. ही के.टी.एम.ची आर.सी. ३९० आपल्या पुण्याजवळ चाकणच्या बजाज कारखान्यात तयार होते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. ही मंडळी एका रांगेत उभी करावयाची, तर प्रत्येकीला निराळे वजन आणि फेऱ्यांची निराळी मर्यादा दिल्याशिवाय गत्यंतर नव्हते.

२०१८ च्या मे महिन्यात इटलीतल्या इमोला येथे आना काराास्को ही एकवीस वर्षांची स्पॅनिश मुलगी कावासाकीवर दहा सेकंदांहून अधिक अंतराने जिंकली. या लहान गाड्यांच्या शर्यतीत पहिले दहा जण एकमेकांच्या सावलीत धावत शेवटची रेषा ओलांडतात. तेथे दहा सेकंद म्हणजे मैदान रिकामे. त्यानंतर पंचांनी कावासाकीच्या इंजिनाचे फेरे कमी केले. आता ही कात्री यंत्राला लागली, की तिच्या कौशल्याला?

मी या प्रश्नावर पुष्कळ विचार केला आहे. माझे मत असे की, कात्री त्या बनावटीच्या सगळ्या गाड्यांना सारखी लागली, एवढ्यापुरता न्याय झाला. ती एकट्या तिच्या गाडीला लागली असती, तर तो उघड अन्याय झाला असता. पण एका स्वाराच्या एका मोठ्या विजयावरून यंत्र तोलणे मला पटत नाही. अनेक स्वार, अनेक शर्यती, आणि हंगामापूर्वी छापून ठेवलेले सूत्र, एवढे असेल तरच पंचांनी हात घालावा. त्या मुलीने मात्र तक्रारीत वेळ दवडला नाही. त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये डोनिंग्टनला ती पुन्हा जिंकली, आणि हंगामाअखेर एका गुणाने जगज्जेती झाली. दुसऱ्या क्रमांकाचा स्वारही त्याच बनावटीच्या गाडीवर होता, तेव्हा गाडीमुळे जिंकली असे म्हणण्याची सोय राहिली नाही. दुचाकीच्या एकेरी रस्ता-शर्यतींत जागतिक विजेतेपद मिळविणारी ती पहिलीच स्त्री.

स्वाराचे वजन हा असाच दुसरा नाजूक भाग. डुकाटीचा आल्वारो बाउतिस्ता अंगाने अगदी हलका. २०२२ आणि २०२३ ची सुपरबाइकची विजेतेपदे त्याने जिंकली. २०२४ पासून हलक्या स्वाराच्या गाडीवर ठरावीक हिशेबाने वजन बांधण्याचा नियम आला. घोड्यांच्या शर्यतीत हे पूर्वीपासून चालते, तेथे कोणी वाईट मानीत नाही. येथे मात्र बरेच वादंग झाले.

तीनशेचा तो वर्ग २०२५ च्या हंगामाबरोबर संपला. त्याच्या जागी २०२६ पासून आलेल्या वर्गात कावासाकीची चार सिलिंडरची ६३६ सी.सी., ट्रायम्फची तीन सिलिंडरची ६६०, आणि सुझुकीची दोन सिलिंडरची ७७६ अशा गाड्यांना एकत्र जागा आहे. शिक्षकांनी फळ्यावर मांडून पाहावे. ६३६ ला १.४१ ने गुणले तर दोन सिलिंडरसाठी सुमारे ९०० येतात, आणि गाडी आहे ७७६ ची. तीन सिलिंडरसाठी चार भागिले तीनचे वर्गमूळ घ्यावे. उत्तर ७३४ च्या आसपास येईल, आणि गाडी आहे ६६० ची. ही उरलेली तूट पंच फेऱ्यांची मर्यादा आणि वजन यांनी भरून काढतात. कोणाला किती सोडले, हे मुलांनी स्वतः काढून पाहावे.